पूररेषेतील घर आणि आमचा हक्क

(सीनाकाठच्या एका गावातील बुद्धविहारात दिलेले भाषण. वाचकांसाठी काही ठिकाणी विस्तार करून लिहून काढले आहे.)



ज्या विहारात हे भाषण झाले त्याच्या भिंतीवर, तथागतांच्या मूर्तीच्या चौथऱ्याहून हातभर वर, एक मातकट रेघ आहे. चुन्याचे दोन हात दिले तरी ती पुन्हा उमटते. ही रेघ २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने ओढली. त्या महिन्याच्या उत्तरार्धात सीनेला जो महापूर आला त्यात करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील काठची गावे बुडाली, लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला आणि वडकबाळजवळ विजापूरचा रस्ता तुटला. हे सर्व तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे किंवा ऐकले आहे, तेव्हा त्याचे वर्णन मी करीत बसत नाही. मला बोलावयाचे आहे ते एका अर्जाविषयी. नदीने ओढलेल्या रेघेखेरीज आणखी दोन रेघा आमच्या वस्त्यांवरून जातात. त्या भिंतीवर दिसत नाहीत, सरकारी नकाशात असतात. एक निळी, दुसरी लाल. आपले घर या रेघांच्या कोणत्या बाजूस पडते, हे आमच्यापैकी शंभरातील नव्वदांस ठाऊक नसते आणि ज्या दिवशी ठाऊक होते तो दिवस बहुधा घर बांधण्याचा नसतो, घर पडल्याचा असतो.

पूर ओसरल्यावर काही आठवड्यांनी एक सासू व तिची सून माझ्या कार्यालयात आल्या. सासू सत्तरीची, सून शेतमजुरी करणारी, दोघी विधवा. त्यांचे पत्र्याचे खोपट वाहून गेले होते. रमाई आवास योजनेतून, म्हणजे अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी शासनाची जी घरकुल योजना आहे तीतून, त्यांच्या नावे घरकुल मंजूर होते. जागा स्वतःची, दोन गुंठे, पूर्वीच्या वतनाची, गावाच्या खालच्या अंगास. एका इंजिनिअरकडून नकाशा काढवून, तो व सातबारा घेऊन त्या बांधकामाच्या परवानगीसाठी एका कचेरीत गेल्या. तेथील माणसाने कागद हाती घेतला, दुसऱ्या एका नकाशाकडे पाहिले आणि कागद परत त्यांच्या हाती दिला.

आजी मला म्हणाली, "वकीलसाहेब, न्हाई म्हनायला त्येंला घटकाबी लागली न्हाई. पन न्हाई म्हटल्याचा कागुद काय त्येंनी दिला न्हाई."

वीस वर्षांच्या वकिलीत याहून नेमके वाक्य मी क्वचित ऐकले आहे. माझे भाषण म्हणजे या वाक्यावरील टीका होय.

परंतु त्याआधी मला माझ्याच एका चुकीची कबुली दिली पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्याच समाजातील एक तरुण माझ्याकडे आला होता. त्यास ओढ्याच्या काठी पक्के घर बांधावयाचे होते. परवानगी मिळत नव्हती, कारण शेजाऱ्याने हरकत घेतली होती. त्या हरकतीमागे जात होती, ओढा नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होते. मी तावातावाने लढलो. जागा गावठाणात आहे, उतारा अर्जदाराच्या नावे आहे, हरकतदारास कोणताही हक्क नाही, असे मुद्दे मांडले आणि परवानगीचा कागद मिळवून दिला. पूररेषेचा नकाशा मागवावा हे मला सुचलेही नाही. जिंकण्याच्या भरात मी पाण्याला विसरलो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या घरात पाणी छतापर्यंत चढले. नवरा-बायको आणि दोन मुले एक अख्खी रात्र स्लॅबवर बसून होती. दोन भिंती कोसळल्या. मी भेटावयास गेलो तेव्हा तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, कागद तर होता ना?"

कागद होता. आणि गंमत अशी की, त्याच कागदामुळे त्यास नुकसानीची मदत मिळाली, तर त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या खोपटातील कुटुंबास तिचा अगदी लहान तुकडा मिळाला. ज्या कागदाने त्यास पाण्यात बसविले त्यानेच त्यास नंतर हात दिला. या विसंगतीवर मी पुष्कळ विचार केला आहे.

आता या रेघा म्हणजे काय ते पाहू. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने, ज्यास आज जलसंपदा विभाग म्हणतात, १९८९ मध्ये परिपत्रक काढून नदीकाठाचे पट्टे पाडण्याची पद्धत घालून दिली. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, किंवा नदीच्या पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी जेथवर पसरते, यांपैकी जे अधिक असेल तेथे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर चढतो तेथे लाल रेषा. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळ्यापासून लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिनेही हीच विभागणी कायम ठेविली आहे.

"पंचवीस वर्षांतून एकदा" या शब्दांनी आमची मोठी फसगत होते. लोक म्हणतात, २०२५ साली पूर येऊन गेला, आता २०५० पर्यंत निर्धास्त. असे मुळीच नाही. याचा अर्थ एवढाच की, कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याचा संभव शंभरात चार असतो, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा शंभरात चारच असतो. नदी हिशेबाची वही ठेवीत नाही. भीमेने पंढरपुरास ऑगस्ट २०१९ मध्ये वेढले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा वेढले, लागोपाठच्या दोन वर्षी. गणित मांडून पाहा: निळ्या रेषेवर बांधलेले घर तीस वर्षे उभे राहावयाचे असेल, तर त्या तीस वर्षांत निदान एकदा तरी पाणी घरात शिरण्याचा संभव शंभरात सुमारे एकाहत्तर. लाल रेषेवरील घरास तोच संभव सुमारे सव्वीस. रेषेच्या आत, खालच्या अंगास जावे तसा हा आकडा वाढतो. मुलाच्या लग्नाला जेवढा भरवसा आम्ही धरतो तेवढ्या भरवशाने निळ्या रेषेच्या आतील मनुष्याने पुराची वाट पाहावी.

आता नियम काय सांगतो ते पाहा. निषिद्ध पट्ट्यात वाहनतळ, उघडा भाजीबाजार, बगीचा, हिरवळ, मोकळे मैदान, सांडपाण्याचे शुद्धीकरण केंद्र, सार्वजनिक शौचालय आणि स्मशान यांस मुभा आहे. मेलेल्यास जागा आहे, राहणाऱ्यास नाही. हा नियम चूक आहे असे मी म्हणत नाही, तो बरोबर आहे. परंतु त्यास दोन दरवाजे ठेविलेले आहेत, आणि त्यांतून कोण आत जाते ते नीट पाहा. पहिला दरवाजा असा की, पात्र व निळी रेषा यांमध्ये पूर्वीपासून जे *अधिकृत* बांधकाम असेल त्याचा पुनर्विकास करता येतो; जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर घ्यावे आणि जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला आणावा. म्हणजे ज्याच्यापाशी जुना कागद आहे त्यास नदीच्या तोंडाशीही घर पुन्हा बांधता येते, आणि ज्याचा आजोबा तेथेच कागदाविना राहिला त्यास येत नाही. दुसरा दरवाजा असा की, नदीस बांध घालून, पात्र बांधून काढून जलसंपदा विभागाने ती जमीन पुरापासून रीतसर मोकळी केली तर ती बांधकामास खुली होते. असे बांध घालून देण्यास शासनास कोण भाग पाडू शकतो, हे तुम्हांस मी सांगावयास नको.

नियंत्रित पट्ट्यात तर सर्वांस परवानगी आहे, अट तीच: जोते लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर. पंचेचाळीस सेंटिमीटर म्हणजे आपला जुना एक हात. ऐकावयास किती थोडे वाटते! पण तो हात जमिनीपासून मोजावयाचा नाही, शंभर वर्षांच्या पुराच्या माथ्यापासून मोजावयाचा आहे. तुमची जमीन त्या माथ्याहून दोन मीटर खाली असेल तर जोते २.४५ मीटर, म्हणजे आठ फूट उंच झाले पाहिजे. घरकुलाच्या अनुदानात भिंती आणि छप्परच जेमतेम होते, तेथे आठ फुटांचा भराव कोठून आणावयाचा? ज्याच्यापाशी पैसा आहे तो खांबांवर इमारत उभारतो, खाली मोटारी ठेवतो आणि वर सुखाने राहतो. नियम दोघांस एकच आहे, हे खरे. जमिनीची पातळी मात्र दोघांची एक नाही.

ही पातळी वेगळी का, हा प्रश्न आम्ही विचारल्यावाचून राहू नये. पुष्कळ गावांत महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर, गावाचे पाणी जिकडे उतरते तिकडे वसविला गेला. उंचवट्यावर वाडे व देवळे, उतारावर आम्ही. चाकरीच्या मोबदल्यात मिळालेली वतनाची जमीनही अनेक गावांत अशीच काठाकडेची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बिल आणले, पण ती पद्धत मोडावयास १९५८ चा कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा यावा लागला. त्या कायद्याने चाकरी गेली व जमिनी मूळ वतनदारांस पुन्हा देण्याची सोय झाली, ही मोठी गोष्ट झाली. पण कायद्याने जमीन दिली ती जेथे होती तेथेच दिली. ती उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ म्हणून राहिली. विकावयाची झाली तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती विकून वरच्या बाजूस दुसरी घ्यावी, ही वाट श्रीमंतास जितकी सोपी आहे तितकी आम्हांस नाही.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. पूररेषा ही आमच्याविरुद्ध रचलेला कट आहे, असे काही तरुण मित्र भाषणांत सांगतात. मला ते पटत नाही. रेषा आखणारा इंजिनिअर जमिनीची पातळी मोजतो, तो जात विचारीत नाही. आणि सीनेने २०२५ मध्ये पाटलाचा मळा आणि आमचे खोपट असा भेद केला नाही. ऊस, केळी, द्राक्षे, जनावरे, सर्वांचेच गेले. शेतकरी बांधवांचे दुःख खोटे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, पाण्यास जात नसली तरी उतारावर कोणास वसवावे हे ठरविणाऱ्यास ती होती. नदीकाठी राहणे हा काही गुन्हा नव्हे. सीना जेथे भीमेस मिळते त्या हत्तरसंग कुडलच्या संगमावर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधला मराठी शिलालेख आहे. हजार वर्षे माणसे या पाण्यापाशी राहात आली आहेत. राहावयाचे कोठे, हे ज्याचे त्याने ठरविले असेल तर तक्रार नाही. आमचे दुसऱ्याने ठरविले.

आता मदतीचा हिशेब. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे निकष केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविले, त्यांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये आणि झोपडीस ८,००० रुपये ठरले होते. आणि खाली एक टीप होती: पडलेले घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे व तसे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. ही टीप वाचून मला त्या तरुणाचा प्रश्न आठवला. कागद तर होता ना! एक लाख वीस हजार आणि आठ हजार यांमधील अंतर म्हणजे बांधकामाची परवानगी होय. ज्यास परवानगी देता येत नाही असे शासनच म्हणते, त्यास परवानगी नाही म्हणून मदतही मिळत नाही. पुरात त्याचे घर वाहून जाते आणि नंतर, ते घर होते हेही नाकारले जाते.

म्हणून काय करावे? माझ्याकडे येणारे बहुतेक लोक दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, परवानगीच्या भानगडीत पडूच नये, रात्रीतून भिंती उभ्या कराव्यात, पुढचे पुढे. दुसरा म्हणतो, कोणास तरी काही देऊन एक दाखला काढावा. दोघांसही माझे सांगणे असते की, असे करू नका. अर्ज करा, रीतसर करा, आणि उत्तर येईपर्यंत वीटही लावू नका.

रीत अशी आहे. शहरात व नगरपालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज करावयाचा. प्रादेशिक योजनेतील गावांत कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे. गावठाणातील लहान घरांपुरती ग्रामपंचायतही येते. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा आणि परवानाधारक इंजिनिअरने काढलेला घराचा नकाशा, ज्यावर जोत्याची पातळी लिहिलेली असेल. आणि पूररेषेचा नकाशा. हा नकाशा जलसंपदा विभागाकडे असतो. तो दाखवीत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही; तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस बंधनकारक आहे. लहान ओढ्यानाल्यांवर कित्येकदा रेषा आखलेलीच नसते. तेव्हा "तुमची जागा रेषेत नाही" असे कोणी म्हणाले तर, रेषा आखली आहे काय, हा पहिला प्रश्न विचारा. मी तो बारा वर्षांपूर्वी विचारला नाही.

अर्जाची पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. घेत नसतील तर टपालाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजण्यात येते. ही तरतूद ऐकून आमच्या लोकांचे डोळे चमकतात, आणि काही वकीलही त्यावर पैसे मिळवितात. पण त्याच कलमात अट आहे की, बांधकाम सर्व नियमांस काटेकोरपणे धरून असले पाहिजे. निळ्या रेषेच्या आतील घर नियमास धरून असूच शकत नाही. सबब साठ दिवस काय, सहाशे दिवस गेले तरी तेथे मानीव परवानगी निर्माण होत नाही. या भरवशावर बांधलेले घर पुढे अनधिकृत म्हणून पाडण्याची नोटीस येते, तेव्हा सल्ला देणारा सापडत नाही.

मग निषिद्ध पट्ट्यातल्या माणसाने अर्ज करावाच कशाला, असे तुम्ही विचाराल. या प्रश्नाचे उत्तर आजीने दिले आहे. 'नाही' म्हटल्याचा कागद मिळावा म्हणून. तोंडी नकार हा हवेत विरतो. लेखी नकारात कारण द्यावे लागते. त्या कारणाविरुद्ध कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. आणि अपील करावयाचे नसले तरी तो कागद पुरावा होतो. कशाचा पुरावा? ही जागा मनुष्याच्या वस्तीस योग्य नाही, असे शासनाने स्वतः आपल्या सहीशिक्क्याने कबूल केल्याचा. खोपटात राहणाऱ्या माणसाच्या हाती याहून मोलाचा दस्तऐवज येणे कठीण.

म्हणून आम्ही नवा अर्ज लिहिला. त्यात दोन मागण्या घातल्या. पहिली, परवानगी द्यावी. दुसरी, पूररेषेमुळे ती देता येत नसेल तर तसे कारणासह लेखी कळवावे आणि लाल रेषेच्या वर पर्यायी जागा द्यावी. कचेरीत मी सोबत गेलो. कोट घालून गेलो, हे कबूल करतो. आजीच्या लुगड्याला जो शिक्का मिळाला नव्हता तो कोटाला पाच मिनिटांत मिळाला. हेही तुम्ही ध्यानात ठेवा. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी अर्जदारासोबत जाणे हे आज समाजकार्यच आहे.

दुसऱ्या मागणीस आधार काय, असे मला कचेरीत विचारण्यात आले. आधार आहे. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निवाऱ्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तो खटला दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीविषयीच होता. जमीनमालकांनी संपादनास विरोध केला होता आणि न्यायालयाने तो मानला नाही. निवारा म्हणजे डोक्यावरचे नुसते छप्पर नव्हे, सुरक्षित बांधकाम, पुरेशी जागा, हवा, उजेड, पाणी, स्वच्छ परिसर, रस्ता हे सर्व त्यात येते, असा त्या निकालाचा आशय आहे. तसेच गायरानाविषयी सर्वत्र असे सांगण्यात येते की, २०११ च्या जगपाल सिंग निकालामुळे गावच्या सामाईक जमिनीस हात लावता येत नाही. तो निकाल वाचा. अतिक्रमणे हटविण्याचे आदेश त्यात आहेत, हे खरे. पण भूमिहीन मजुरांस किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस सरकारी अधिसूचनेखाली दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे. अपवाद वाचून दाखविणारा मनुष्य बरोबर नसला की निकाल अर्धाच ऐकू येतो.

"एवढ्या लोकांना उचलून न्यायचे म्हणजे सोपे आहे का?" हाही प्रश्न आला. सोपे नाही, पण झालेले आहे. सोलापूरपासून लांब जावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. खुद्द सोलापुराशेजारी कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये त्यांच्या हाती आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या ३०,००० पैकी १५,००० घरांच्या किल्ल्या असंघटित कामगारांस मिळाल्या. ही दोन्ही कामे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लाल बावट्याच्या कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून तडीस नेली. त्यांचा पक्ष आमचा नाही. पण हजारो विडीवाल्या स्त्रियांनी आपली नावे एका यादीत घालून, एकत्र अर्ज करून घरे मिळविली, हे शिकण्यात आम्हांस कमीपणा कशाचा? आम्ही एकेकटे जातो, एकेकटे परत येतो.

त्या सभेत एका वृद्ध गृहस्थांनी उठून हरकत घेतली. ते म्हणाले, "वकीलसाहेब, इथं आमच्या बापजाद्यांनी हाडं झिजवली. हा विहार आम्ही वर्गणी काढून बांधला. इथून उठवायला सरकार टपलंय, आणि तुम्ही त्यांचंच काम सोपं करताय." ही हरकत मी हलकी मानीत नाही. सुरक्षिततेचे नाव सांगून गरिबास हुसकावून लावावयाचे व नंतर तीच जागा सुशोभित करावयाची, असे प्रकार शहरोशहरी झाले आहेत. लांब नेऊन टाकलेल्या वसाहतीत घर असते पण मजुरी नसते, हेही खरे. म्हणून मागणी मोघम असू नये: त्याच गावच्या शिवारात, लाल रेषेच्या वर, जुन्या वस्तीपासून चालत जाता येईल अशा जागी, घरातील स्त्रीचे नाव उताऱ्यावर घालून, आणि नवे घर उभे राहीपर्यंत जुन्यास हात लावणार नाही असे लेखी घेऊन. एवढे मिळाले नाही तर उठू नका. परंतु पूर्वजांनी येथे हाडे झिजविली ती स्वखुशीने नव्हे, हे त्या काकांस मी नम्रपणे सांगितले. ते गप्प बसले. त्यांचे समाधान झाले असे मात्र मला वाटले नाही.

आणि पूर हा दैवाचा कोप आहे असे म्हणून कोणी आमचे तोंड बंद करू पाहील तर त्यास एवढेच सांगा की, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा पाटबंधारे व वीज ही कामे त्यांच्या खात्याकडे होती. दामोदर नदीच्या पुरानंतरची योजना त्यांच्या कारकिर्दीत आकारास आली, आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी पुराच्या पाण्यास संकट न समजता ते साठवून लोकांच्या उपयोगी लावावे असा विचार मांडला. पूर हा त्यांनी राज्यकारभाराचा विषय मानला. उजनीच्या दारांतून किती पाणी केव्हा सोडावे हे ज्या देशात माणसे ठरवितात, त्या देशात काठावर कोणी राहावे हेही माणसांनीच ठरवावयाचे आहे.

आजीच्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगतो. लेखी नकार आला. कारण दोन ओळींचे: जागा निळ्या पूररेषेच्या आत असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे. दुसऱ्या मागणीविषयी त्यात अवाक्षर नव्हते. अपिलाची मुदत होती, पण आम्ही अपील केले नाही, कारण तो नकार बरोबर होता. सुनेने मला विचारले, "मग आपण हरलो का?" मी म्हटले, नाही ताई, आता आपल्या हातात कागद आला. त्या नकाराची प्रत जोडून पर्यायी जागेसाठी व घरकुलाची मंजुरी तोवर रद्द होऊ नये यासाठी स्वतंत्र अर्ज केला आहे, आणि त्याच वस्तीतील आणखी एकोणीस कुटुंबांनी तसेच अर्ज घालून तसेच लेखी नकार मिळविले आहेत. वीस नकारांची ती चळत घेऊन आम्ही गेलो तेव्हा जागेची पाहणी करण्याचे मान्य झाले.

पाहणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी विचारले, पाणी नेमके कोठवर आले होते? आजी त्यांस विहारात घेऊन गेली आणि तिने भिंतीवरच्या रेघेवर हात ठेवला. मोजपट्टी लावून त्यांनी आकडा लिहून घेतला. सुनावणीची तारीख अजून पडावयाची आहे. ज्या गावांना असे अर्ज करावयाचे असतील त्यांनी आपापल्या विहाराच्या किंवा शाळेच्या भिंतीवरील पाण्याची खूण, चुना देण्यापूर्वी, मोजून व पंचांच्या सह्या घेऊन लिहून ठेवावी.